वाळींत टाकलेलें राष्ट्र

आमच्या बाळपणीं कोंकणांतील आमच्या गांवीं एक घर वाळींत पडलें होतें. कारण क्षुल्लक. देवळाच्या वर्गणीवरून तंटा झाला आणि पंचांनीं ठरविलें कीं, त्या घराशीं कोणीं देवघेव ठेवूं नये. ठरावांत औषधाचा उल्लेख नव्हता. वैद्यबोवांस तेथें जाण्याची मनाई कोणींच केली नव्हती. तथापि त्या घरचें मूल तापानें फणफणलें, तेव्हां वैद्यबोवा गेले नाहींत. उद्यां आपलेंही पाणी तुटेल, ही धास्ती. अखेर तिसऱ्या दिवशीं काळोख पडल्यावर त्यांच्या मातोश्रींनीं परसदारानें औषधाची पुडी धाडली. मूल वांचलें, पण मधले दोन दिवस आम्ही विसरलों नाहीं.

ही आठवण आज काढण्याचें कारण असें कीं, राष्ट्राराष्ट्रांतही हाच प्रकार चालतो. त्यास 'आर्थिक निर्बंध' म्हणतात. शत्रूची रसद तोडणें ही युक्ति जुनीच आहे. वेढलेल्या शत्रूचें गवत, अन्न, पाणी व सर्पण नासवावें असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. पण तो धर्म युद्धाचा. आजचा वेढा युद्ध न पुकारतां, कचेरींत बसून, एका सहीनें पडतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेंतील ४१ व्या कलमानें असा अधिकार सुरक्षा परिषदेस दिला आहे. मग एकट्या राष्ट्रानें आपल्या मर्जीनें निर्बंध लादले तर ते बेकायदा ठरतात काय? येथें वाचकांनीं घाई करूं नये. आपला माल अमक्यास विकणार नाहीं, असें म्हणण्याची दुकानदारास सामान्यतः मोकळीक असते. निकाराग्वानें अमेरिकेवर केलेल्या दाव्यांत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १९८६ सालीं असाच निवाडा दिला: नुसत्या व्यापारबंदीनें रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होत नाहीं; मात्र उभयतांत मैत्रीचा तह असतां ती केली, म्हणून तहाचा भंग झाला. खरी गोम पुढेंच आहे. "मी विकणार नाहीं" एवढ्यावर न थांबतां "तूंही विकूं नकोस, नाहीं तर तुझेंही दुकान बसवीन" असें शेजाऱ्यास बजावणें, हें मात्र ग्रामण्य होय. आमच्या राज्यांत वाळींत टाकणें हा २०१७ पासून कायद्यानें गुन्हा ठरला आहे. राष्ट्रांच्या गांवांत तशी सोय नाहीं.

इराणचेंच उदाहरण घ्या. ८ मे २०१८ रोजीं अमेरिकेनें इराणशीं झालेला अणुकरार सोडला आणि ऑगस्ट व नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांनीं निर्बंध पुन्हा लादले. इराणशीं व्यवहार करणाऱ्या परदेशी पेढ्यांसही त्यांत तंबी होती. इराण १९५५ सालचा मैत्रीचा तह घेऊन हेगला गेला. ३ ऑक्टोबर २०१८ रोजीं न्यायालयानें एकमतानें हुकूम दिला कीं, औषधें व वैद्यकीय उपकरणें, अन्नधान्य आणि प्रवासी विमानांच्या सुरक्षिततेस लागणारे सुटे भाग यांच्या वाटेंतील अडथळे अमेरिकेनें दूर करावे. त्याच दिवशीं अमेरिकेनें तो तहच मोडीत काढीत असल्याचें जाहीर केलें. असा एक विद्यार्थी आम्हांस शाळेंत भेटला होता. चूक दाखविली कीं तो वहीच फाडी.

औषधांस आमच्या कायद्यांत सूट आहे, असें अमेरिकेचें म्हणणें. तें खोटें नव्हे; सूट लिहिलेली आहेच. पण औषध नुसत्या सुटीनें येत नाहीं. त्याचे पैसे कोणत्या तरी बँकेनें पोंचवावे लागतात, मालास जहाज लागतें, जहाजास विमा लागतो. थोड्या दलालीसाठीं अमेरिकेचा रोष कां ओढवून घ्यावा, असा बँकांनीं विचार केला. आमच्या वैद्यबोवांनीं याहून निराळा काय केला होता?

एपिडर्मोलिसिस बुलोसा नांवाचा एक जन्मजात रोग आहे. त्यांत मुलाची त्वचा इतकी नाजूक असते कीं, नुसत्या घर्षणानें फोड येतात व कातडी सोलवटते. जखमेस न चिकटणारी मऊ पट्टी हाच मोठा दिलासा. इराणांतील अशा मुलांसाठीं ती पट्टी स्वीडनमधील एका कंपनीकडून येत असे. निर्बंधांनंतर कंपनीनें व्यवहार थांबविला. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेच्या ऑक्टोबर २०१९ च्या अहवालांत हें नमूद आहे. साधी पट्टी सोडवतांना तिच्याबरोबर कातडीही निघते, आणि ती सोडविणारे हात बहुधा घरच्याच माणसाचे असतात. अणुकराराशीं त्या लेकराचा संबंध कोणीं जोडला?

इराणचें सरकार निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. औषधांसाठीं परकीय चलन मिळत नाहीं, सवलतीच्या डॉलरांवर उंची मोटारी मात्र येतात, असें तेथील आरोग्यमंत्री मर्झिए वाहिद दस्तजर्दी यांनीं २०१२ सालीं उघड बोलून दाखविलें; त्या वर्षअखेर त्यांस पदावरून दूर करण्यांत आलें. २०२५ च्या सप्टेंबरांत तर राष्ट्रसंघाचे जुने निर्बंधही इराणवर पुन्हा आले. त्यांची कायदेशीर कथा निराळी.

आपल्या देशाची गत पाहावी. आम्ही राष्ट्रसंघाचेच निर्बंध मानतों, एकट्या देशाचे नव्हे, असें परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीं मे २०१८ मध्यें सांगितलें. बाणा योग्यच होता. वर्षभरानें अमेरिकेनें दिलेली सवलतीची मुदत सरली आणि भारतानें इराणचें तेल घेणें थांबविलें. त्या तेलाचे रुपये यूको बँकेंत जमा होत आणि त्यांतून इराण आपला बासमती व चहा घेई. तेल थांबतांच ती गंगाजळीही आटूं लागली.

ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी यांनीं निर्बंधांस वळसा घालून व्यवहार चालावा म्हणून २०१९ सालीं 'इन्स्टेक्स' नांवाची पेढी काढली. तिच्यामार्फत वैद्यकीय मालाचा पहिला व्यवहार मार्च २०२० मध्यें पार पडला. दुसरा झालाच नाहीं, आणि २०२३ सालीं पेढी बंद झाली.