एकाच जागेचे तीन पत्ते

एका जागेस एकाहून अधिक नांवें असणें ही आपणांस नवीन गोष्ट नाहीं. घरचीं माणसें ज्यास ‘थोरला वाडा’ म्हणतात, त्यास नगरपालिकेच्या दप्तरीं घरक्रमांक असतो व भूमापन कचेरींत सिटी सर्व्हे नंबर निराळाच असतो. टपालवाल्यास सर्व्हे नंबर सांगितला तर तो भलत्याच दारीं जाऊन उभा राहील. संगणकाच्या अंतरंगांत हाच प्रकार क्षणोक्षणीं घडतो. त्याचें थोडक्यांत विवेचन येथें करावयाचें आहे.

संगणकाची स्मृति, म्हणजे मेमरी, ही लहान लहान कप्प्यांची एक लांबलचक रांग होय. एका कप्प्यांत एक बाइट मावतो व प्रत्येक कप्प्यास क्रमांक असतो. हा झाला खरा पत्ता. परंतु प्रोग्रॅम मात्र हा पत्ता वापरीत नाहीं. तो एक कल्पित पत्ता वापरतो. ही युक्ति मँचेस्टर येथें १९६२ सालीं सुरू झालेल्या ‘ॲटलस’ नामक संगणकांत प्रथम योजिली गेली. तिच्यामुळें एका प्रोग्रॅमास दुसऱ्याच्या कप्प्यांत हात घालतां येऊं नये अशी व्यवस्था करितां येते.

कल्पिताचें खऱ्यांत रूपांतर कसें होतें तें पाहूं. पुष्कळ संगणकांत स्मृतीचीं ४,०९६ बाइटांचीं पानें पाडलेलीं असतात व पानांची गणना शून्यापासून होते. समजा, प्रोग्रॅमनें २०,५०० हा पत्ता उच्चारला. त्यास ४,०९६ नें भागितां भागाकार ५ व बाकी २० येते. म्हणजे पान ५, कप्पा २०. ऑपरेटिंग सिस्टिमनें ठेवलेल्या तक्त्यांत पान ५ खऱ्या स्मृतींत ९ व्या क्रमांकावर आहे असें नोंदलें असेल, तर खरा पत्ता ९ × ४,०९६ + २० = ३६,८८४ होतो. प्रोसेसर हा हिशेब स्वतःच करितो.

आतां तिसरा पत्ता. जाळ्यावरून येणारा मजकूर घेणारें कार्ड तो प्रोसेसरच्या मध्यस्थीवांचून थेट स्मृतींत लिहितें. कोठें लिहावें हें त्यास ‘ड्रायव्हर’ नामक प्रोग्रॅम सांगतो. पण कार्डास तो तक्ता दिसत नाहीं. म्हणून त्यास २०,५०० सांगणें व्यर्थ होय. खरा पत्ताही सर्वत्र चालतो असें नाहीं. साध्या पीसींत बहुधा ३६,८८४ सांगून भागे. परंतु पॉवरपीसी प्रोसेसरच्या ‘प्रेप’ जातीच्या यंत्रांत स्मृतीचा शून्यावा कप्पा कार्डाच्या बाजूनें २,१४,७४,८३,६४८ या पत्त्यावर दिसे. तेथें तोच कप्पा कार्डास २,१४,७५,२०,५३२ म्हणून सांगावा लागे.

आणखीहि अडचणी आहेत. प्रोग्रॅमास सलग भासणारीं दोन पानें खऱ्या स्मृतींत दूर दूर असूं शकतात. तेव्हां प्रत्येकाचा पत्ता निराळा द्यावा लागतो. जुन्या आयएसए पद्धतीच्या थेट देवघेवींत १,६७,७७,२१६ बाइटांपलीकडे पोंचच नव्हती. मजकूर अगोदर खालच्या जागेंत उतरवून मग नकलून घ्यावा लागे.

येथें चूक झाल्यास परिणाम गंभीर असतो. कार्ड तक्रार करीत नाहीं. दिलेल्या जागीं लिहून मोकळें होतें. ती जागा दुसऱ्याच्या निबंधाची अगर हिशेबाची असली तर तो मजकूर मुकाट्यानें नष्ट होतो, व दोष भलत्याच प्रोग्रॅमावर येतो. म्हणून लायनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्यें ड्रायव्हरनें पत्ता स्वतः जुळवूं नये, सिस्टिमकडे मागावा, असा दंडक आहे. अलीकडील अनेक यंत्रांत कार्ड व स्मृति यांच्यामध्यें आयोएमएमयू नांवाचा एक पहारेकरीहि असतो. तो कार्डासाठीं निराळा तक्ता बाळगतो आणि परवानगी नसलेल्या जागीं त्यास लिहूं देत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, एका यंत्रावर ड्रायव्हर सुरळीत चालला म्हणजे तो बरोबर आहे असें ठरत नाहीं. दोन पत्ते तेथें योगायोगानें जुळले असतील. पत्ता हातीं आला कीं तो कोणाच्या दप्तरांतील आहे व कोणास सांगावयाचा आहे, हें आधीं पाहावें.