टुब्याला भूक लागली

जेऊरला बहिणीकडं गेलं की टोपल्यात केळी असतातच. उजनीचं पाणी आल्यापासून हा सगळा पट्टाच केळीचा झालाय. तिच्या तीन वर्षांच्या नातीनं एक केळं उचलून आजीपुढं धरलं. "केळंचं साल काढ." बहीण कणीक मळता मळताच म्हणाली, "केळ्याचं साल काढू व्हय? थांब." चूक दाखवली नाही, बरोबर रूप तेवढं परत म्हटलं. पोरीनं ते ऐकलं की नाही, देव जाणे.

पोरगी हल्ली 'मी करलं' म्हणते. घरात असं कुणीच बोलत नाही. वर्षापूर्वी ती चक्क 'केलं' म्हणायची, म्हणून आईला घोर लागलाय. मला तर पोरगी पुढं गेलेली दिसते. तेव्हा 'केलं' अख्खं पाठ होतं. आता बसलं, पडलं, रडलं यातला 'लं' तिला सुटा सापडलाय, आणि सापडलेली वस्तू पोर सगळीकडं लावून बघणारच.

१९५८ साली अमेरिकेत जीन बर्को यांनी मुलांना 'वग' नावाच्या काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं अनेकवचन विचारलं होतं. कधी न ऐकलेल्या शब्दालाही मुलांनी प्रत्यय लावला. तसंच करून बघावं म्हणून मी परातीतली कणीक घेतली, चार पाय काढले. "हा टुबा. भूक लागलीय. कुणाला?"

"टुबाला," धाकटी.

"टुब्याला!" पाच वर्षांचा भाऊ ओरडला. प्रत्ययाआधी 'टुबा'चा 'टुब्या' होतो ते सामान्यरूप; हा शब्द त्याला शाळेत भेटायला अजून अवकाश आहे.

मग दुसरा गोळा, दोन पायांचा, डोक्यावर टोपी. "हा माणूस. ह्याचं नाव टुबा. आता भूक कुणाला?"

पोरगा जरा थांबला. "टुबाला."

घोड्याला, कुत्र्याला, पण मामाला, दादाला. मामा-दादासारख्या हाक मारायच्या नात्यांना आणि नावाला हा 'या' सहसा चिकटत नाही. त्याला कुणी सांगितलं होतं? विचारलं, तर म्हणाला, "तसंच असतंय."

चपात्यांना कणीक कमी पडली तशी बहिणीनं दोन्ही टुबे परातीत दाबले. धाकटीनं भोकाड पसरलं. "माझ्या टुब्याला का मोडलं?" आजीनं घाईनं पुन्हा चार पाय ओढून दिले. पोरगी डोळे पुसत म्हणाली, "टुबाला शेपूट पण लाव."