फोड ओला असतानाच

अमरावती रोडने नागपूर सोडताना वाडी लागते. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोदामं, रात्री रांगेने उभे असलेले ट्रक. महामार्गालगतच्या अशा वस्तीतल्या मेडिकल स्टोअरमध्ये एक गिऱ्हाईक हटकून येतं. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबतं आणि मग हळूच म्हणतं, ‘भाऊ, खाजेचं मलम द्या.’ कुठे लावायचं ते दुकानदार विचारत नाही, गिऱ्हाईकही सांगत नाही. जननेंद्रियांवरच्या हर्पिसचं निदान हुकतं ते इथेच.

हा एकट्या ट्रकवाल्यांचा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना, म्हणजे दर पाचांत एकाहून अधिक जणांना, हा संसर्ग आहे. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

लक्षणं दिसलीच, तर संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत. आधी जागा चुणचुणते. मग लालसर त्वचेवर साबुदाण्याएवढे, पाणी भरलेले फोड घोळक्याने येतात. ते फुटले की उथळ, ठणकणाऱ्या जखमा होतात. लघवी करताना आग होते, जांघेत अवधाण येतं, अंगात कसकस असते. सिफिलिसचा व्रण सहसा एकटा, टणक आणि न दुखणारा असतो. फरक पुस्तकात स्वच्छ दिसतो, अंगावर नेहमी तसा दिसत नाही. कधी नुसती चीर पडते, कधी नुसतं खरचटल्यासारखं वाटतं.

घोळक्याने फोड दिसले की आपल्याकडे ‘नागीण’ म्हणतात. पण नागीण होते कांजिण्यांच्या विषाणूमुळे, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी, आणि बहुधा आयुष्यात एकदाच. हर्पिसचे विषाणू त्याच कुळातले असले तरी वेगळे. गंमत अशी, की ‘हर्पिस’ हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला त्याचा अर्थ सरपटणं, आणि आपला ‘सर्प’ त्याचाच सख्खा भाऊ. नाव शोभतंही. फोड बरे झाल्यावर हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने माकडहाडाजवळच्या गाठींत जाऊन दडतो आणि ताप, थकवा, ताण असं निमित्त मिळालं की त्याच वाटेने परततो.

बिळात दडलेला साप पकडता येत नाही. निदानाचं सगळं गणित इथे आहे. नुकत्या उठलेल्या फोडाच्या तळातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन पीसीआर केली, तर विषाणू कोणता, त्याचा प्रकार १ की २, हे कळतं. साधी सोयही आहे. व्रणाचा तळ खरवडून काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एकमेकींत मिसळून गेलेल्या, अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी दिसल्या, तर संशय बळावतो. ही झांक चाचणी. मात्र नागिणीतही अशाच पेशी दिसतात, त्यामुळे ती शेवटचा शब्द नव्हे.

खपली धरली की नमुना हाती लागणं अवघड. ट्रक कोलकात्याहून परतेपर्यंत जखम सुकलेलीही असते. मग रक्त तपासलं जातं आणि गोंधळ वाढतो. प्रतिपिंडं तयार व्हायला कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. प्रकार १ तर अनेकांना लहानपणी घरच्यांच्या पाप्यांतूनच मिळालेला असतो. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट संसर्ग कधी झाला, कुणाकडून झाला, हे सांगत नाही. त्या कागदावरून घरात भांडण करणं म्हणजे विज्ञानाच्या नावावर अन्याय.

मलमाचं म्हणाल, तर अशा अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. ते जखमेचं रूप बदलतं, संसर्ग वाढवू शकतं. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, नागपूरकर ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागातही, तपासणी होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात हर्पिसच्या व्रणासाठी लाल रंगाचं किट ठरलेलं आहे. त्यात असायक्लोव्हिरच्या गोळ्या असतात. विषाणू कायमचा जात नाही, पण फोड लवकर बसतात. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करायलाच हवी, कारण प्रकार २ असलेल्यांना एचआयव्हीचा धोका सुमारे तिप्पट असतो. गरोदर बाईने तर डॉक्टरांपासून काहीच लपवू नये, बाळंतपणात बाळाला धोका असतो.

लांबच्या फेरीवर असाल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा, वाटेतल्या सरकारी दवाखान्यात उतरा. काहीच जमलं नाही, तर फोड ओले असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांनी डॉक्टरांना दाखवायला तेवढं तरी उरेल.