उतरत्या जमिनीवरची गाणी

१९६२ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका स्टुडिओत जॉनी जेन्किन्स या गिटारवादकाचं रेकॉर्डिंग चाललं होतं आणि ते काही केल्या रंगत नव्हतं. जेन्किन्सला जॉर्जियाहून गाडीने घेऊन आला होता एक धिप्पाड, जेमतेम विशीतला मुलगा. गाडी त्यानेच चालवली, सामानही त्यानेच उतरवलं. दिवसभर तो ड्रमरच्या मागे लागला होता, एकदा माझं गाणं ऐका म्हणून. अखेर थोडा वेळ उरला, तेव्हा त्याला माइकसमोर उभं केलं. पियानो वाजवणारा घरी गेलेला, म्हणून गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर पियानोवर बसला. आणि त्या ड्रायव्हरने तोंड उघडलं.

त्याचं नाव ओटिस रेडिंग. उरल्यासुरल्या वेळात त्याने गायलेलं ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ हे त्याचं पहिलं गाजलेलं गाणं. पुढच्या पाच वर्षांत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोल संगीतातला तो सगळ्यात मोठा आवाज ठरला.

पण मला खरा अचंबा वाटतो तो त्या जागेचा. गाडी चालवत आलेल्या माणसाला तिथे गायला कसं मिळालं?

कारण तो स्टुडिओ मुळात स्टुडिओच नव्हता. ते एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. नाव कॅपिटल. जिम स्टुअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन ही दोघं बँकेत नोकरी करणारी गोरी माणसं. जिमला हौस फिडल वाजवण्याची, तीही गोऱ्यांच्या कंट्री संगीतात. कृष्णवर्णीयांच्या संगीताची त्याला सुरुवातीला ओळखही नव्हती. आपल्या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंगचं यंत्र घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा एस्टेलने नवऱ्याची समजूत घालून राहतं घर गहाण टाकलं आणि अडीच हजार डॉलर उभे केले. १९६० साली त्यांनी हे थिएटर भाड्याने घेतलं. वर्षभरात कंपनीचं नाव झालं स्टॅक्स.

आता आत चला. खुर्च्या काढून टाकलेल्या. पडद्यासमोरच्या मंचावर कंट्रोल रूम. सिनेमाचा आवाज ज्यातून घुमायचा तो भलामोठा स्पीकर तसाच ठेवलेला. रेकॉर्ड केलेलं गाणं त्यातूनच ऐकायचं. आवाजाला घुमारा हवा असेल तर फरशीचं स्वच्छतागृह होतंच. आणि मध्यंतरात जिथे खाऊ विकला जायचा, त्या जागेत एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं.

या दुकानाने काय केलं पाहा. स्टीव्ह क्रॉपर आधी त्याच दुकानाच्या गल्ल्यावर काम करायचा. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर रस्ता ओलांडून आला आणि गीतकार झाला. बुकर टी. जोन्स हा शाळकरी मुलगा तिथे तासन् तास रेकॉर्ड ऐकत उभा असायचा. एके दिवशी सॅक्सोफोनवाला हवा होता, तर पोर्टर थेट शाळेत जाऊन वर्गातून त्याला घेऊन आला. नवं गाणं तयार झालं की एस्टेल ते दुकानात लावायची आणि गल्लीतल्या पोरांचे पाय हलतात का ते बघायची. ड्रायव्हर गायला उभा राहिला, यात मग नवल ते काय!

खरं नवल पायाखाली होतं. थिएटरची जमीन उतरती असते, मागच्याला पडदा दिसावा म्हणून. ती सपाट करायला या भावंडांकडे पैसे नव्हते. म्हणून ड्रम्स, ऑर्गन, गिटार, ट्रम्पेट सगळं त्या उतारावरच मांडलं गेलं.

आता आवाजाचं गणित बघा. नेहमीच्या खोलीत जमीन आणि छत समांतर असतात. त्या दोहोंमध्ये ध्वनिलहरी आपटत राहतात. खोलीच्या उंचीशी ज्यांची लांबी जुळते असे काही स्वर विनाकारण फुगतात, काही दबतात. स्टुडिओ बांधणारे यावर उपाय म्हणून मुद्दाम भिंती तिरक्या करतात, त्यासाठी तज्ज्ञ बोलावतात. इथे मात्र ते काम सिनेमावाल्यांनी कधीच करून ठेवलं होतं, तेही आवाजाचा नव्हे, नजरेचा विचार करून! जमीन तिरकी, छत उंच, खोली प्रचंड. मध्ये आडभिंत घालून ती अर्धी केली तरी प्रचंडच. स्टॅक्सच्या रेकॉर्डवर ड्रम्स आणि ट्रम्पेटभोवती जो रुंद, कोरडा न वाटणारा अवकाश ऐकू येतो, तो या खोलीचा आहे.

पण मोठ्या खोलीची एक अडचण असते. मैदानाच्या टोकाला बसून क्रिकेट पाहिलंय ना? बॅट फिरलेली आधी दिसते, टक् असा आवाज मागाहून येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. समजा ड्रमर आणि गिटारवाला यांच्यात दहा मीटर अंतर आहे. म्हणजे ड्रमचा ठोका गिटारवाल्याच्या कानी सेकंदाच्या सुमारे चौतिसाव्या भागाइतका उशिरा पोचणार. वाटायला क्षुल्लक, पण तालात असलेल्या माणसाला हा फरक जाणवतो. आज प्रत्येकाच्या कानाला हेडफोन असतात, प्रश्नच येत नाही. स्टॅक्समध्ये तेव्हा हेडफोन नव्हते. मग करायचं काय? क्रॉपर कानांवर विसंबण्याऐवजी ड्रमर अल जॅक्सनच्या हातावर नजर ठेवू लागला. काठी खाली येताना दिसली की त्याची बोटं तारेवर.

शिवाय यंत्र एकाच ट्रॅकचं. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, गायकाने त्यांच्यातच उभं राहून गायचं, आणि जे झालं ते टेपवर पक्कं. कोणाचा सूर घसरला तर सगळ्यांनी पहिल्यापासून. मला वाटतं, त्या गाण्यांमधली धग इथून येते. चुकायची सोय नसलेली माणसं एकमेकांकडे बघत वाजवताहेत.

ओटिस आला त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी, हीच मंडळी एका गायकाची साथ करायला जमली होती. गायकाचं काम लवकर संपलं. हे चौघं आपले वेळ घालवायला एक संथ ब्लूज वाजवत बसले: ऑर्गनवर सतरा वर्षांचा बुकर, गिटारवर क्रॉपर, ड्रम्सवर जॅक्सन, बेसवर लुई स्टाइनबर्ग. जिमने गुपचूप टेप चालू केली. झकास झालं! आता ही रेकॉर्ड काढायची तर मागच्या बाजूला काहीतरी हवं. बुकरकडे ऑर्गनवरची एक छोटीशी सुरावट होती. ती घेऊन सगळे खेळत बसले आणि मागच्या बाजूची सोय झाली.

ती मागची बाजू म्हणजे ‘ग्रीन अनियन्स’. एकही शब्द नसलेलं, तीन मिनिटांहून लहान. क्रॉपरने त्याची एक प्रत रेडिओवरच्या ओळखीच्या निवेदकाकडे नेली, त्याने ती लावली, आणि स्टेशनचे फोन खणखणू लागले. रेकॉर्ड उलटी करून, मागची बाजू पुढे आणून पुन्हा काढावी लागली. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. वेळ घालवण्यासाठी वाजवलेल्या तुकड्याची पाठराखण करायला जे जेमतेम जुळवलं, ते साठ वर्षांनंतरही सिनेमांत आणि जाहिरातींत वाजतंय.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड कंपनीचा जेरी वेक्सलर आपला गायक विल्सन पिकेट याला घेऊन मेम्फिसला आला. पिकेट आणि क्रॉपर यांना लोरेन मोटेलच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, गाणी लिहा. ‘इन द मिडनाइट अवर’ तिथे जन्मलं. सुरुवातीला जे चार कॉर्ड एकामागून एक उतरतात ना, ते क्रॉपरने गिटारच्या मानेवर बोटांच्या अंदाजासाठी जे ठिपके असतात, त्यांच्या आधाराने बसवले. पुढच्या वर्षी एडी फ्लॉइडबरोबर गाणं करताना त्याला सुरुवात सुचेना. मग त्याने तेच कॉर्ड उलट्या क्रमाने वाजवले. ‘नॉक ऑन वुड’ची ती दणकेबाज सुरुवात म्हणजे जुन्याच जिन्याने वर चढणं!

पण मिडनाइट अवरची खरी जादू तालात आहे. आपल्याकडे समेवर जोर येतो, मन पहिल्या मात्रेची वाट पाहत असतं. सोलमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. रेकॉर्डिंग चालू असताना वेक्सलर कंट्रोल रूममधून उठून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर नाचू लागला. म्हणाला, न्यूयॉर्कची तरुण पोरं हल्ली असा नाच करतात, त्यांचा झटका दुसऱ्या मात्रेवर येतो, बघा. जॅक्सन आणि क्रॉपर यांनी ते पाहिलं आणि दुसरी-चौथी मात्रा केसभर मागे खेचली. ताल चुकत नाही, फक्त ठोका टेकून बसल्यासारखा येतो. गाणं लावून टाळी वाजवून पाहा. तुमची टाळी जराशी आधी पडेल. जी माणसं रोज खोलीतल्या उशिराशी झुंजत होती, त्यांनी उशीरच आपलासा करून टाकला. पुढे हा मागे रेलणारा ठोका स्टॅक्सची ओळख झाला.

हे सगळं कुठे घडत होतं ते विसरून चालणार नाही. मेम्फिसमध्ये वर्णभेद कायद्याने आणि रिवाजाने रुजलेला होता. बुकर आणि जॅक्सन कृष्णवर्णीय, क्रॉपर आणि नंतर आलेला बेसवाला डक डन गोरे. शहरातल्या बहुतेक हॉटेलांत हे चौघं एका टेबलावर जेवू शकले नसते. लोरेन मोटेल कृष्णवर्णीयांसाठीचं होतं, तिथे एकत्र बसता यायचं, म्हणून गाणी तिथे लिहिली जायची. ४ एप्रिल १९६८ ला त्याच मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

त्याच्या चार महिने आधी स्टॅक्सने ओटिसला गमावलं होतं. १९६७ च्या उन्हाळ्यात तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटोला एका हाउसबोटीवर राहिला. तिथे एका गाण्याचं तोंड सुचलं. पुढे मेम्फिसला येऊन क्रॉपरबरोबर ते लिहून पुरं केलं. एरवीचा ओटिस म्हणजे घामाघूम होऊन गर्जणारा गायक. हे गाणं मात्र शांत, पाण्याकडे बघत बसलेलं. गाण्याच्या शेवटी तो नेहमी मनाला येईल तसं गात सुटायचा. या वेळी शब्द नव्हते, म्हणून त्याने शीळ घातली.

१० डिसेंबर १९६७ ला विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात त्याचं विमान कोसळलं. तो सव्वीस वर्षांचा होता. बार-केज या त्याच्या साथीच्या वाद्यवृंदातली पोरंही गेली. विमानातला एकटा ट्रम्पेटवादक वाचला. गाण्याचं रेकॉर्डिंग अजून अर्धवट होतं. क्रॉपरने दुःख बाजूला ठेवून ते पुरं केलं, लाटांचे आणि सीगल पक्ष्यांचे आवाज मिळवून त्यात घातले. ‘सिटिंग ऑन द डॉक ऑफ द बे’ जानेवारी १९६८ मध्ये निघालं आणि मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायकाच्या मृत्यूनंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. शीळ तशीच राहिली. ओटिस हयात असता तर तिथे कदाचित त्याने शब्द भरले असते, आणि आज जगभर लोक जी सहज वाजवतात ती शीळ आपल्याला मिळालीच नसती.

स्टॅक्स १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९८९ साली थिएटर पाडलं. काही वर्षं तिथे मोकळी जागा होती. मग त्याच जागेवर संग्रहालय उभं राहिलं, २००३ साली खुलं झालं, आणि बांधणाऱ्यांनी आतल्या स्टुडिओची जमीन मुद्दाम उतरती केली. शेजारीच स्टॅक्स म्युझिक अकॅडमी आहे. शाळा सुटली की मेम्फिसची मुलं तिथे गायला, वाजवायला शिकतात.