परीक्षणाखालचे तारे

वृत्तपत्रातले चित्रपट परीक्षण लिहिले जाते ते ज्याने अजून तिकीट काढलेले नाही अशा माणसासाठी. चित्रपट कशाबद्दल आहे आणि तो पाहावा की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला एका दृष्टिक्षेपात उत्तर देण्यासाठी तारे आले. 'न्यूयॉर्क डेली न्यूज'च्या आयरीन थायरर यांनी ३१ जुलै १९२८ रोजी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' या चित्रपटाला एक तारा दिला. वृत्तपत्रीय तारांकनाचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते. जास्तीत जास्त तीन तारे, अशी त्यांची पट्टी होती.

समीक्षक चित्रपट पाहतात ते सहसा प्रेस शोमध्ये. निर्माता किंवा वितरक प्रदर्शनाच्या आधी हा खेळ ठेवतो आणि ठरावीक वेळेपूर्वी मत छापू नये, अशी अट अनेकदा घालतो. प्रेस शो ठेवलाच नाही, तर शुक्रवारी पहिल्या खेळाचे तिकीट काढून बसायचे आणि संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा, एवढाच मार्ग उरतो. प्रेस शो टाळणारा निर्माता चित्रपटाबद्दल साशंक असणार, असा तर्क वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत लगेच लढवला जातो. तो दर वेळी खरा ठरतोच असे नाही.

लिहायला जागा चार-पाचशे शब्दांची. त्यात कथासूत्र सांगायचे, पण उत्तरार्धातली कलाटणी फोडायची नाही, हा पाळायचा पहिला नियम. पुढे अभिनय, पटकथा, दिग्दर्शन, छायांकन, संकलन, संगीत यांचा विचार येतो आणि सुमार परीक्षणाची ओळख इथेच पटते. 'छायांकन उत्तम, संगीत श्रवणीय, संकलन आणखी घट्ट हवे होते' अशी वाक्ये कोणत्याही चित्रपटाखाली खपतात. चांगला समीक्षक सगळ्या खात्यांची हजेरी घेत बसत नाही. चित्रपट कशामुळे उभा राहिला किंवा कुठे कोसळला, ती एक-दोन कारणे तो हेरतो आणि एखाद्या प्रसंगाच्या आधारे दाखवून देतो. त्याचे मत न पटणाऱ्या वाचकालाही अशा परीक्षणातून आपला निर्णय करता येतो.

तारे मोजताना आधी पट्टी पाहावी लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच दैनिकांत चार तारे सर्वोच्च, तर भारतात बहुधा पाच. चारपैकी तीन ही सरळ शिफारस ठरते. पाचपैकी तीन म्हणजे 'वेळ असेल तर बघा'. 'न्यूयॉर्क टाइम्स' चित्रपटांना तारेच देत नाही. 'शिकागो सन-टाइम्स'चे रॉजर ईबर्ट यांना १९७५ मध्ये समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि ते मिळवणारे ते पहिले चित्रपट समीक्षक ठरले. तारे सापेक्ष असतात, असे त्यांचे म्हणणे होते. सुपरहिरोपटाचे तारे इतर सुपरहिरोपटांच्या तुलनेत ठरतात, गंभीर सामाजिक नाट्याच्या तुलनेत नव्हे. म्हणून धमाल विनोदी चित्रपटाला साडेतीन आणि महत्त्वाकांक्षी कलाकृतीला तीन तारे मिळाले, तर त्यात विसंगती नसते. एकाची उडी छोटी पण पूर्ण असते, दुसऱ्याची मोठी पण अपुरी. हा फरक मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही.

संकेतस्थळांवरच्या टक्केवारीबद्दल तर सर्रास गैरसमज होतो. १९९८ मध्ये सुरू झालेले 'रॉटन टोमॅटोज' किती टक्के समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच सांगते. तिथले ९० टक्के म्हणजे शंभरपैकी ९० गुण नव्हेत. सगळ्यांना बेताचा आवडलेला चित्रपटही तिथे नव्वदी गाठू शकतो, आणि निम्म्यांना अप्रतिम व निम्म्यांना असह्य वाटलेला पन्नाशीत अडकतो. 'मेटाक्रिटिक' मात्र मतांचे गुणांत रूपांतर करून भारित सरासरी काढते.

घाईत दिलेला निकाल चुकतो, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड'चे. 'न्यूजवीक'चे जो मॉर्गनस्टर्न यांनी आधी तो झोडपला, मग पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात आपले मत मागे घेणारे दुसरे परीक्षण लिहिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर मात्र विरोधावर ठाम राहिले. थोड्याच काळात त्यांच्या जागी नवा समीक्षक आला. मॉर्गनस्टर्न यांच्यासारखा जाहीर फेरविचार या व्यवसायात फार क्वचित दिसतो.

परीक्षणातले एखादे स्तुतिवाक्य उचलून जाहिरातीत छापण्याची प्रथा जुनी आहे. सोनीने २००० च्या सुमारास त्याही पुढे मजल मारली. डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षकच कल्पनेतून उभा करून त्याची वाक्ये जाहिरातींत वापरली. २००१ मध्ये हे उघडकीस आले आणि २००५ च्या तडजोडीत कंपनीला १५ लाख डॉलर मोजावे लागले.

मुंबईत कडक परीक्षणाची परंपरा बाबूराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया'पासून सांगता येते. १९३५ मध्ये निघालेल्या या मासिकाची भाषा इतकी बोचरी असे की निर्माते ते धास्तीनेच उघडत. त्याच काळात 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये परीक्षणे लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास पुढे स्वतःच पटकथाकार आणि दिग्दर्शक झाले. प्रतिकूल मताने चित्रपट बुडतोच, असे मात्र नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेल्या 'शोले'वर सुरुवातीला बरीच टीका झाली. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. लहान निर्मात्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे ना मोठा तारा, ना जाहिरातीचा पैसा. त्याला चांगल्या परीक्षणाने मिळतो तेवढाच आधार.

तरीही पहिल्या आठवड्यातल्या टीकेची निर्मात्यांना वाटणारी भीती गेलेली नाही. प्रदर्शनानंतरचे पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवर परीक्षणांना बंदी घालावी, अशी मागणी तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने मद्रास उच्च न्यायालयात केली होती. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याकडे बोट दाखवत अशी अंतरिम बंदी घालायला नकार दिला.