नवी पिकअप घेताना: ऐकीव हिशेब आणि खरा हिशेब

नारायणगावचा टोमॅटो असो की लासलगावचा कांदा, शेतापासून बाजार समितीपर्यंत तो पोचवते ती बहुतेक वेळा पिकअपच. कित्येक कुटुंबांसाठी घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी हीच असते. तरीही ती सेल्समनच्या तोंडी हिशेबावर आणि पारावरच्या ऐकीव माहितीवर उरकली जाते. मग पुढची चार-पाच वर्षं ते हप्त्यांतून भोगावं लागतं.

‘ऑन-रोड किंमत ठरलेली असते, तिच्यात काही कमी होत नाही.’

ऑन-रोड किंमत म्हणजे अनेक रकमांची बेरीज. त्यातला जीएसटी, रोड टॅक्स आणि नोंदणी फी सरकारने ठरवलेली असते. तिथे घासाघीस नाही. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि तो एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. मात्र ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची कोणतीही सरकारी फी मोटार वाहन कायद्यात नाही. ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही, हे ठरवणारे तुम्ही. म्हणून कोटेशन छापील मागा, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि ज्या ओळीचा अर्थ कळत नाही ती समजावून मिळाल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.

गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस लागतो. तो पाहून लोक बिचकतात, पण ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. ज्यांचा धंदा जीएसटीत नोंदलेला आहे आणि गाडी त्या करपात्र धंद्यासाठीच आहे, त्यांना मालवाहू पिकअपवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळू शकतं. शोरूममध्ये हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही. आपल्या सीएला आधी विचारा.

‘विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो, नाहीतर वॉरंटी जाते.’

दोन्ही खोटं. विमा कुठल्याही परवानाधारक कंपनीचा घेता येतो आणि त्याचा वॉरंटीशी संबंध नाही. डीलरला विमा आणि कर्ज या दोन्हींतून उत्पन्न मिळतं. त्यात गैर काही नाही, पण आग्रह कशासाठी होतो ते ग्राहकाला ठाऊक असलं पाहिजे. बाहेरचं एक कोटेशन खिशात असलं, की शोरूममधला आकडाही बऱ्याचदा खाली येतो.

‘व्याज फक्त आठ टक्के!’

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. हा दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवरचा, हे विचारल्याशिवाय त्या आठला काही अर्थ नाही. ८ लाखांच्या कर्जावर ५ वर्षांसाठी फ्लॅट ८ टक्के म्हणजे ३ लाख २० हजार व्याज आणि सुमारे १८,६६७ रुपयांचा मासिक हप्ता. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजलं तर हाच दर सुमारे १४ टक्के पडतो. फ्लॅट दरात तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज देत राहता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद हातात घ्या आणि दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करा.

कर्ज फिटलं की गाडी आपोआप मोकळी होते, हाही एक गैरसमज. फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो. तो राहून गेला, तर गाडी विकताना अडतं.

‘स्वतःचाच माल वाहायचा, मग पिवळी पाटी कशाला?’

माल स्वतःचा असो की भाड्याचा, मालवाहू म्हणून बनलेली पिकअप परिवहन वाहन म्हणूनच नोंदली जाते. इसुझू व्ही-क्रॉससारख्या दुहेरी केबिनच्या काही गाड्या खासगी म्हणून नोंदता येतात. त्यांची गोष्ट वेगळी. परमिटचं मात्र सरसकट नाही. मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिटमधून सूट आहे. टाटा एससारखी छोटी गाडी त्यात बसते, पण दीड-पावणेदोन टन माल घेणारी पिकअप सहसा ही मर्यादा ओलांडते. लायसन्सबद्दलची भीतीही आता सोडायला हरकत नाही. ७,५०० किलोपर्यंतची परिवहन गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

‘कागदावर दीड टन, पण तीन टन आरामात ओढते.’

इंजिन ओढेलही, ब्रेक, टायर आणि पाटे यांचं गणित मात्र दीड टनाचंच असतं. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तेवढाच कायदेशीर माल. हौद्याला वरून जाळी आणि लोखंडी पाइप लावले की तेवढं वजन मालातून कमी होतं. कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च. रोजचा माल दोन टनांचा असेल, तर तेवढ्या क्षमतेचीच गाडी पाहा. हप्ता थोडा वाढेल, पण घाटात ब्रेक लागतील.

‘लग्नसराईत वऱ्हाडही नेता येतं.’

मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरलेला असतो. हौद्यात बसवलेल्या वऱ्हाडींची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन दशकांपूर्वीच स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर भरपाईचा बोजा शेवटी गाडीमालकावरच येतो आणि गेलेली माणसं तर कशानेच परत येत नाहीत. लग्न असो वा जत्रा, माणसं न्यायची असतील तर प्रवासी गाडी भाड्याने घ्या. नव्या पिकअपच्या हौद्यात कुणालाही बसवू नका.