वर्गणीदार देश

नोव्हेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 संशोधन नियतकालिकं आणि ती वाचायला सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं, प्रयोगशाळा मिळून 6,300 हून जास्त संस्थांतले 1 कोटी 80 लाख लोक. माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास खर्च पडतो. एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयाला यातली मोजकी नियतकालिकंसुद्धा परवडली नसती. तिथल्या मुलीला आता आयआयटीतल्या विद्यार्थ्याइतकंच वाचता येतं. हे काम चांगलं झालं, यात वाद नाही.

वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. 2020 च्या अखेरीस सरकारने पाचव्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा ही वर्गणी देशातल्या प्रत्येक माणसासाठी असणार होती. प्रत्यक्षात आली ती सरकारी संस्थांपुरती. तालुक्यात दवाखाना चालवणारे डॉक्टर, विनाअनुदानित महाविद्यालयातले प्राध्यापक, निवृत्त संशोधक, पत्रकार हे सगळे दाराबाहेरच राहिले. कर मात्र तेही भरतात.

संशोधन नियतकालिकांच्या धंद्याची रीतच अजब आहे. संशोधनाला पैसा बहुतेकदा सरकारचा, लिहिणारे सरकारी पगारावरचे, लेख तपासून देणारे त्यांचेच भाऊबंद, तेही बहुधा फुकट. छापून आल्यावर तोच लेख आपण विकत घ्यायचा. असं होऊ नये म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर 2014 मध्येच नियम केला होता: आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाच्या लेखाचा स्वीकृत मसुदा संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवा. नियम नेटका होता, पण पाळला की नाही हे विचारणारं कोणी नव्हतं. फेब्रुवारी 2019 मध्ये आपल्या पैशातून झालेल्या संशोधनाचे लेख लगेच सर्वांना खुले व्हावेत, अशी अट घालणाऱ्या युरोपीय निधीसंस्थांच्या ‘प्लॅन एस’मध्ये भारत सामील होणार अशी घोषणा झाली आणि त्याच वर्षी ती मागेही घेतली गेली. ‘प्लॅन एस’च्या वाटेवर वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घ्यायची पद्धत बोकाळली होती, आणि एकेका लेखाला लाख-दोन लाख रुपये मोजणं आपल्या संशोधकांना कुठून परवडणार? माघार चुकीची नव्हती. मात्र तिच्या जागी आपण दुसरं काय उभं केलं, याचं उत्तर ‘वर्गणी’ असं आलं.

दुसरं काही शक्यच नव्हतं, असं म्हणायला मात्र जागा नाही. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या शतकाच्या सुरुवातीलाच इंटरनेटवर सर्वांना फुकट खुलं झालं, तेही लेखकांकडून पैसे न घेता. डॉ. डी. के. साहू यांच्या मुंबईच्या मेडनो प्रकाशनाने हाच कित्ता इतर वैद्यकीय नियतकालिकांसाठी गिरवला. फुकट वाचायला मिळालं तर छापील अंक कोण घेणार, ही भीती होती. झालं उलटंच: नियतकालिकं जगभर दिसू लागली, लेखांचा ओघ वाढला आणि छापील अंकांचे वर्गणीदारही वाढले. 2011 मध्ये वॉल्टर्स क्लुवर या डच कंपनीने मेडनो विकत घेतली. घरात उभं राहिलेलं चांगलं चाललेलं काम बाहेर गेलं. त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

ब्राझीलने 1998 मध्ये सरकारी पैशातून ‘सायेलो’ हे ऑनलाइन व्यासपीठ उभारलं आणि आपली नियतकालिकं खुली केली. पुढे लॅटिन अमेरिकेतले इतर देश त्यात आले. आपल्याकडे शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध कोणालाही वाचता येतात, कारण प्रबंध तिथे जमा करणं यूजीसीने सक्तीचं केलं. म्हणजे सक्ती केली की काम होतं. लेखांच्या बाबतीत ती करायला कोणी धजत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सशुल्क लेख परवानगीशिवाय फुकट देणारं सायहब हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याने ते योग्यच असेल. पण दाराबाहेरच्या वाचकाची चोरवाटही त्यामुळे बुजली.

वर्गणीची मंजूर मुदत 2027 च्या डिसेंबरला संपते. पुढचा करार करताना भारतीय लेखकांचे लेख सर्वांना खुले असावेत ही अट सरकारने घातलीच पाहिजे. तोवर प्राध्यापक मंडळींनी 2014 चा तो नियम काढून वाचावा आणि आपल्या लेखाचा मसुदा संस्थेच्या भांडारात टाकावा.